कानडी अक्षरांतली मराठी गाणी

तारामती चौगुले यांना आमच्या गल्लीत सगळे ताराकाकी म्हणतात. निपाणीपासून आठ-नऊ किलोमीटरवर आमचं गाव. काकींचं वय चौसष्ट, शिक्षण सातवी, तेही कानडी शाळेत. घरात मात्र बोलणं मराठी.

आमच्याकडच्या जैन घरांतल्या बायकांनी व्रतांची गाणी, कहाण्या, आरत्या वह्यांत उतरवून ठेवल्या आहेत. भाषा मराठी, पण अक्षरं कानडी, कारण शाळेत त्या तीच गिरवत आल्या. पुण्याहून आलेल्या माणसाला ती अक्षरं वाचता येत नाहीत, धारवाडकडच्याला अर्थ लागत नाही. काकींना दोन्ही जमतं; देवनागरी अक्षरं त्या पुढं घरीच शिकल्या. शाई फुटलेलं, उंदरांनी कुरतडलेलं पानही त्या अंदाजानं लावतात.

बेळगावची अनुराधा ही काकींच्या शाळेतल्या मैत्रिणीची मुलगी. ती धर्मसाहित्यावर संशोधन करते. अभ्यासकांसाठी जुन्या वह्या-पोथ्यांचं एक संकेतस्थळ तयार होत होतं, त्यात आमच्या भागाचं काम तिच्याकडं होतं. ती पहिल्यांदा आली तेव्हा मीही तिथं होतो.

"मावशी, एकदा हे ऑनलाइन गेलं की कुणालाही वाचता येईल," ती म्हणाली. "गावातल्या बायकांनासुद्धा, मोबाईलवर."

काकी घरोघर फिरल्या. अनुराधाला कोण ओळखत होतं? बायकांनी वह्या दिल्या त्या काकींच्या शब्दावर. एक्केचाळीस वह्या जमल्या. दोन वर्षं दर शनिवारी अनुराधा येई. काकी ओळ वाचत, ती मोबाईलवर आवाज भरून घेई. मधल्या दिवसांत काकी तीच ओळ देवनागरीत उतरवून काढत आणि समासात बारीक अक्षरात लिहीत, "हा शब्द सासूबाईंच्या माहेरचा, चिकोडीकडचा."

शेवटची वही बायाक्का खोतांची. बायाक्का ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या आईनं सल्लेखना घेतली होती, म्हणजे व्रत म्हणून अन्नपाणी सोडून देह ठेवला होता. त्या दिवसांत आईच्या उशाशी बसून बायाक्कांनी एक गाणं रचलं होतं.

"बाकीचं काय बी कर, तारा," वही देताना त्या म्हणाल्या. "शेवटचं पान तेवढं माझं हाय. ते भाईर जायचं न्हाय."

अनुराधा शेजारीच होती. तिनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "नाही जाणार, आजी."

पुढच्या शनिवारी मात्र ती काकींना म्हणाली, "ते पान एकदा वाचाल का? फक्त मला कळावं म्हणून." काकींनी दार लोटून घेतलं आणि वाचलं. वाचलं म्हणजे, चाल ठाऊक होती म्हणून गायलंच. अनुराधाचा मोबाईल नेहमीसारखा समोरच होता.

त्यानंतर अनुराधाचं येणं कमी होत होत थांबलं. फोन केला तर ती कायम मीटिंगमध्ये. आठ महिन्यांनी संकेतस्थळ सुरू झाल्याचा निरोप बायकांच्या ग्रुपवर आला. सात-आठजणी काकींच्या सोप्यात, बाहेरच्या खोलीत जमल्या. लिंक उघडली तर समोर एकच ओळ होती: आपल्या संस्थेच्या खात्यातून प्रवेश करा. कुणाचीच कुठली संस्था नव्हती. थोड्या वेळानं एकेक करून सगळ्या उठून गेल्या.

मी बेळगावातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. मुलांना अशी संकेतस्थळं दाखवणं हेच माझं काम. हेही मी वर्गात कौतुकानं दाखवलं होतं, आत नीट न बघता. दुसऱ्या दिवशी काकी बसनं माझ्याकडं आल्या.

मी कॉलेजच्या खात्यातून उघडलं. पहिल्याच पानावर ऐकण्याचं बटण होतं. दाबलं, आणि काकींचा आवाज आला. बायाक्कांनी आईच्या उशाशी रचलेलं गाणं. काकींनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"खाली काय लिवलंय, अतुल?"

"लिप्यंतर, अर्थ आणि टिपा, डॉक्टर अनुराधा."

"आन् माझं?"

मी खालपर्यंत शोधलं. टिपा शब्दाला शब्द काकींच्या होत्या, फक्त सासूबाईंचं माहेर गाळून तिथं 'चिकोडी परिसरातील बोलीरूप' आलं होतं. शेवटी सापडलं. "वाचन, स्थानिक महिला."

"स्थानिक म्हंजे हितली न्हवं?"

"व्हय."

"मग हितलीला नाव नसतंय?"

तशाच त्या अनुराधाकडं निघाल्या. मी मोटरसायकल काढली. अनुराधानं आम्हाला बसवलं, चहा सांगितला.

"मावशी, सगळ्या वह्यांत तेच गाणं दुर्मिळ आहे. आमच्या वरिष्ठांनी बघितलं आणि म्हणाले, हेच पुढं ठेवा."

"त्यांनी कुठनं बघितलं? तू दावलंस म्हणून न्हवं?"

अनुराधानं चहाचा कप काकींपुढं सरकवला. मग म्हणाली, "नावाचं म्हणाल तर, माहिती देणाऱ्यांची नावं आम्ही गुप्त ठेवतो. तुमच्याच भल्यासाठी."

"माझं नाव झाकलंस," काकी म्हणाल्या, "आन् बायाक्काच्या आईचं मरण उघडं टाकलंस. तुझ्या आईला म्हाईत हाय काय हे?"

चहा तसाच ठेवून आम्ही उठलो.

बायाक्कांना दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून काकी त्याच संध्याकाळी मला घेऊन त्यांच्याकडं गेल्या. बायाक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुझ्या आवाजात हाय?"

"व्हय, आक्का."

"मग मी दुसऱ्या कुणाला काय म्हणू," एवढंच त्या बोलल्या. आम्हाला पाणी दिलं आणि आत गेल्या.

तक्रारीचं पत्र मी लिहिलं, काकींनी कानडीत सही केली. दोन महिन्यांनी गाणं तिथून निघालं. कारण दिलं होतं तांत्रिक. 'स्थानिक महिला' जाऊन तिथं 'ता. चौगुले आणि इतर' आलं. पण अनुराधाचा त्या गाण्यावरचा लेख तोवर छापून आला होता, तो काही परत येत नाही. बाकीच्या वह्या संकेतस्थळावर अजून त्या खात्याच्या कुलपातच आहेत. ज्यांच्या घरातून गेल्या, त्यांना त्या दिसत नाहीत.

यंदा अनुराधाचा फोन आला होता. कामाचा दुसरा टप्पा मंजूर झालाय, आणखी वह्या हव्यात. काकी म्हणाल्या, "मला आता दिसत न्हाय गं." सुईत दोरा ओवता ओवता त्या हे बोलत होत्या.

बायाक्का आणि काकी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, रोज भेटतात, बोलतातही. पण अष्टमीला बायका गाणी म्हणायला बसतात तेव्हा, आजवर पहिला सूर लावणाऱ्या काकी आता मागच्या रांगेत, खांबाला टेकून बसतात. नुसते ओठ हलवतात.