लहान केलेल्या फोटोंमधल्या मोठ्या काकू

इथले सगळ्यांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतेय... आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा मनातल्या मनात हसलेय. आमच्या घरात भूतबित, चकवा, बाहेरचं असलं काही कुणीच मानलं नाही. मी स्वतः गणितात बी.एस्सी. त्यामुळे हे टाइप करताना हात अडखळतोय. आधीच सांगते, यात घाबरण्यासारखं काही नाही. नुसती भीती वाटली असती तर मी केव्हाच विसरून गेले असते.

नव्व्याण्णव सालचा उन्हाळा. आम्ही जळगावला मेहरूणमध्ये राहायचो. मी स्टेशनजवळच्या एका डीटीपी सेंटरमध्ये कामाला होते — लग्नपत्रिका, बायोडेटा, केळीच्या खोक्यांवरची लेबलं, असलं काम. माझी आत्या अमळनेरला. तिच्या लग्नाला त्या वर्षी पंचवीस वर्षं होणार होती आणि तिच्या अमेरिकेतल्या मुलाला आईवडिलांसाठी वेबसाइट करायची होती. त्याने मला कळवलं, "लग्नाचा अख्खा अल्बम स्कॅन करून ईमेलने पाठव."

अल्बम आईनेच अमळनेरहून आणला. जुना, काळ्या जाड पानांचा, मधे बटरपेपर. तो माझ्या हाती सोपवायला काही ती तयार होईना. "तुमच्या त्या मशीनमध्ये फाटला बिटला तर वन्संना काय तोंड दाखवू?" म्हणत ती रोज डबा घेऊन माझ्याबरोबर सेंटरला यायची, स्टुलावर बसायची आणि एकेक फोटो स्वतःच्या हाताने काढून द्यायची.

आमचे सर म्हणायचे, स्कॅन नेहमी मोठंच करावं. मी केलं. पण एकेक फाइल एवढी अवजड झाली की ईमेल घेईचना. एकेक फोटो उघडून लहान करत बसले असते तर आठवडा गेला असता — आमच्या कॉम्प्युटरला एक स्कॅन उघडायलाच मिनिटभर लागायचं. मग एका कॉम्प्युटर मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर मला एक फुकटचं सॉफ्टवेअर सापडलं. फोल्डर दाखवायचं, रुंदी टाकायची, बटण दाबायचं — सगळे फोटो एकदम लहान होऊन दुसऱ्या फोल्डरमध्ये. बनवणाऱ्याने खाली लिहिलं होतं, 'मोफत वापरा, आवडलं तर दोन ओळी पाठवा.'

दुपारची वेळ होती. कूलर चालू, सर जेवायला गेलेले. मी बटण दाबलं. निळी पट्टी हळूहळू भरली. मग लहान झालेले फोटो नीट आलेत का, हे बघायला एकेक उघडू लागले. आई मागून बघत होती.

हळदीचा फोटो आला आणि आईने माझा खांदा धरला. एकदम घट्ट.

"व माय... हाई ते आमनी अक्का शे!"

आई एरवी माझ्याशी शहरी मराठीच बोलायची. आतून हलली की मात्र तिच्या तोंडी अहिराणी यायची.

अक्का म्हणजे आईची थोरली जाऊ, माझ्या मोठ्या काकू. मी त्यांना कधी पाहिलंच नाही. आत्याच्या लग्नानंतर चारेक महिन्यांत त्या गेल्या, मी नंतर जन्मले. त्यांची मुलगी नंदाताई लग्नात आठ महिन्यांची होती. आणि घरात सगळ्यांना माहीत होतं की काकूंचा एकही फोटो नाही. म्हणजे या अल्बममध्ये त्या आहेत, पण प्रत्येक ठिकाणी पाठमोऱ्या, नाहीतर पदराआड. नंदाताईने लहानपणी हा अल्बम किती वेळा उलटापालटा केला असेल...

स्क्रीनवर मात्र चेहरा होता. लांबट, गालफडं बसलेली, नाकात मोरणी. मी पुढचा फोटो उघडला — मांडवातला. तिथेही चेहरा. पंगतीत, पाठवणीत... ज्या ज्या फोटोत त्या होत्या, तिथे त्यांनी मान वळवलेली होती. मी आईच्या मांडीवरचा अल्बम बघितला. पाठमोऱ्या. मूळ स्कॅन उघडलं. पाठमोऱ्या. फक्त लहान केलेल्या फोटोंमध्ये...

"कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत त्या," मी म्हटलं.

आईने बोट पडद्यावर नेलं. "पोरकडे देखी राहिनी."

खरंच. हळदीत नंदाताई डाव्या कडेला आजीच्या कडेवर होती, काकू डावीकडे बघत होत्या. मांडवात ती माझ्या आईच्या मांडीवर, तर नजर तिथे. एवढ्या गर्दीत त्या एका बाळाला शोधत होत्या आणि प्रत्येक फोटोत ते त्यांना सापडत होतं. मी धडपडत एक प्रिंट काढली. कागदावर काकू पाठमोऱ्याच आल्या. पडद्यावर चेहरा, कागदावर अंबाडा! पुन्हा काढली, तेच.

मी धुळ्याला नंदाताईच्या शेजाऱ्यांकडे एसटीडी केला. "ताई, मोठ्या काकूंचा चेहरा दिसतोय. उद्या ये." ती एवढंच म्हणाली, "पहिल्या गाडीनं येते."

आली. चांगली साडी नेसून, केस नीट बांधून. जणू कुणाच्या तरी पाया पडायला आली होती. खुर्चीवर बसली, पदर सारखा केला. मी फाइल उघडली.

अंबाडा. पाठ. पदर.

सगळ्या फाइली उघडल्या. पुन्हा सॉफ्टवेअर चालवलं, निळी पट्टी पुन्हा भरली, सगळे फोटो लहान झाले... काही नाही. आतेभावाला आदल्या संध्याकाळीच फोटो पाठवले होते, ते त्याला उघडून बघायला सांगितलं. त्याचं उत्तर आलं, बाई पाठमोरीच आहे.

नंदाताई रडली नाही. हळूच म्हणाली, "असू दे गं. ती कधीच बघायची नाही माझ्याकडे. आजी म्हणायची ना, तुझ्या आईनं तुला कधी जवळ घेतलं नाही."

तेव्हा आई स्टुलावरून उठली.

"नंदे, तिला क्षय होता," आई म्हणाली. "घरात कुणी बोललं नाही. पुढे तुझ्या लग्नाला अडचण नको म्हणून तुलाही सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, पोरीला जवळ घेऊ नका. तू तिला बघितलं की हात पसरायचीस, नाही घेतलं की आकांत करायचीस. म्हणून ती तोंड फिरवून बसायची. तू रडू नयेस म्हणून गं..."

नंदाताईने मांडवाच्या फोटोवर बोट ठेवून आईला विचारलं,

"यात मी तुमच्या मांडीवर आहे ना, काकू?"

"हो."

"मग एकदा तरी न्यायचं होतं मला तिच्याजवळ. लांबून का होईना."

अठरा वर्षांची नवी सून होती आई तेव्हा. तिने नुसतं नंदाताईचं डोकं पोटाशी धरलं. आणि मग मात्र ताई रडली — सेंटरमध्ये, भर दुपारी, लग्नपत्रिका न्यायला आलेल्या लोकांसमोर.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला मी ईमेल केला होता. भला माणूस, उत्तर दिलं त्याने — माझा प्रोग्रॅम फक्त शेजारचे ठिपके एकत्र करून चित्र लहान करतो. लहान करताना चित्रातलं थोडं जातंच, नवीन काही येऊ शकत नाही. बरोबरच आहे. गणित मलाही कळतं.

म्हणाल, दोघींना भास झाला. एकाच वेळी, एकच चेहरा? आणि मी तर त्यांना कधी पाहिलंच नव्हतं... मोरणी मीच आधी सांगितली, आई म्हणाली की तशीच होती. पण माझं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. दिसायचंच होतं तर नंदाताईला का नाही? मी त्यांची कोण?

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. पडद्यावरचा तो चेहरा बघितलेली मी एकटीच उरलेय. पूर्वी ताई दर फोनला विचारायची — डोळे कसे होते, कपाळ माझ्यासारखं होतं का... मी सांगायचे. हल्ली मलाच नीट आठवेनासं झालंय. नाक आठवतं तर हनुवटी आठवत नाही. जे सांगते त्यातलं खरं किती आणि मी भरलेलं किती, मलाच कळत नाही. मागच्या दिवाळीला मी ते तिला सांगून टाकलं.

ती म्हणाली, "चेहरा राहू दे. बघत कुणाकडे होती, तेवढं आठवतं ना?"

"तुझ्याकडे."

"मग झालं," म्हणाली, आणि फोन तसाच कानाला धरून बसली. मीही ठेवला नाही.