घर भाड्याने देणे नाही

मोबाईलवर वर्ध्यात घर शोधायला बसलं की पाच-सहा जाहिरातींनंतर हिरालालजींची जाहिरात येते, आणि माणूस तिथेच अडकतो. फोटो एकदम झकास. पिवळं दुमजली घर, निळं गेट, अंगणात जांबाचं, म्हणजे पेरूचं, हिरवंगार झाड. आणि खाली लिहिलंय, 'घर भाड्याने देणे नाही. हा फोटो दाखवून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. पहिले मले फोन करा.' खाली नंबर. आता जे घर द्यायचंच नाही त्याची जाहिरात कोण करतं? वर्ध्यात एकच माणूस करतो, आणि त्याला त्याचा एक रुपयाही मिळत नाही, उलट शिव्या मिळतात.

शिव्यांची तशी सवय आहे त्यांना. एकतीस वर्षं नगरपालिकेत नळ सोडायचं काम केलं. सायकलला ती लांब लोखंडी चावी बांधायची, रस्त्यातल्या खड्ड्याचं झाकण उचलायचं, चावी घालून फिरवली की या गल्लीत पाणी, उलटी फिरवली की त्या गल्लीत. रोज कोणी ना कोणी दारात उभं, तिकडे पाऊण तास अन् आमच्याकडे अर्धाच काऊन, स्वतःच्या गल्लीत जास्त सोडता काय. अशाने माणूस एकतर चिडका होतो नाहीतर थंड होतो. हिरालालजी थंड झाले. इतके थंड, की त्यांची बायको रुख्मिणीबाई म्हणते, यांच्यावर रागावणं म्हणजे माठावर रागावणं.

तर झालं असं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने, नीलेशने, वरचा मजला भाड्याने द्यायला फोटो काढून टाकले होते. मग त्याचीच नागपूरहून वर्ध्याला बदली झाली, तो आणि त्याची बायको मोहिनी वर राहायला आले, जाहिरात काढून टाकली, विषय संपला. पण फोटो एकदा तिकडे गेला की संपत नसतो ना. एका दुपारी गेटसमोर टेम्पो येऊन उभा राहिला. केळझरचं जोडपं, कडेवर लेकरू, मागे कूलर, सिलेंडर, गाद्या. त्यांनी फोनवर कोणालातरी अठरा हजार देऊन हे घर 'घेतलं' होतं. चावी दारात मिळेल असं सांगितलं होतं. तो माणूस हिरालालजींनाच चोर समजून ओरडायला लागला. बाई मात्र टेम्पोतून उतरली आणि तिने फक्त विचारलं, बाळाचं दूध गरम करून देता का.

चार दिवस ते जोडपं यांच्याच समोरच्या खोलीत राहिलं. हिरालालजी त्यांच्यासोबत पोलिसांत गेले, ऑनलाईन फसवणुकीच्या १९३० नंबरवर तक्रार लावली, चोराचा नंबर बंद झाला. आठ दिवसांनी तोच फोटो, नवा नंबर. जोडपं दुसरीकडे गेलं, जाताना त्या माणसाने हात जोडून माफी मागितली, आणि त्या दिवशी हिरालालजी जेवले नाहीत. रुख्मिणीबाई म्हणाल्या, तुमचा काय दोष याच्यात.

"माह्या घराचं तोंड दाखवून लुटलं ना त्यायले," ते म्हणाले.

बस. तिथून ही जाहिरात. नीलेशने खूप समजावलं की बाबा, ऑफिसात लोक हसून राह्यले. ते म्हणाले हसू दे, पण टाईप तूच कर, मले ती काना-मात्रा सापडत नाही.

रोज वीस-पंचवीस फोन. आणि प्रत्येकाला हिरालालजी एकच गोष्ट शिकवायचे. कोणी स्वतःला घरमालक म्हणवलं की पहिले विचारजो, नळ कधी येते. वर्ध्याचा खरा मालक असला तर वार, वेळ, पाणी वर चढते की नाही, सगळं रडून सांगेल. खोटा असला तर म्हणेल चोवीस तास पाणी आहे सर. आठ महिने हा प्रश्न चालला आणि काय चालला! किती लोकांचे पैसे वाचले याची त्यांनी मोजदादसुद्धा ठेवली नाही.

मग एका शुक्रवारी अकरा वाजता सपनाचा फोन आला. आष्टीची पोरगी. वर्ध्याला नर्सिंगला नंबर लागला होता, सोमवारपासून कॉलेज. होस्टेल फुल्ल. बाप म्हणाला होता, शनिवारपर्यंत धड खोली मिळाली तर जा, नाहीतर इथेच बीए कर. आणि तिला हे पिवळं घर मिळालं होतं, वरचा मजला, अगदी बजेटात. मालक मिलिटरीत, आधी पुलगावला होते, आता काश्मीरला बदली झाली म्हणून घर द्यायचंय. आता आपल्याकडे पुलगाव म्हटलं की मिलिटरी आणि मिलिटरी म्हटलं की डोळे मिटून विश्वास, तिने कशाला शंका घ्यावी? त्यांनी ओळखपत्राचा फोटोपण पाठवला होता. एक वाजेपर्यंत दहा हजार टोकन, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे. बापाने दिलेले पैसे तिच्या मोबाईलमध्येच होते, पण भरायच्या आधी हिरालालजींची जाहिरात दिसली म्हणून तिने फोन लावला.

हिरालालजींनी सांगितलं की घर माझं आहे, मी इथंच राहतो. आणि आपला प्रश्न दिला.

पाच मिनिटांत परत फोन. "सांगितलं त्यायनं. एक दिवसाआड, सकाळी साडेसहाले, अन् वर चढाले मोटर लागते. आता बोला."

हिरालालजी खाटेवर बसूनच राहिले. उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. आठ महिने आपण ज्याला त्याला हाच प्रश्न दिला, त्या प्रत्येकाने तो चोराला विचारला, शेवटी चोराने उत्तर शोधून पाठ केलं. म्हणजे मास्तर आपणच झालो त्याचे.

"काका," पोरगी म्हणाली, "तुमीच मले फसवून राह्यले असाल तर? त्यायनं कार्ड तरी दाखवलं. तुमी काय दाखवलं?"

दुसरा कोणी असता तर फोन आपटला असता. ज्याचं स्वतःचं घर, त्यालाच पुरावा मागते! पण हिरालालजींचा चेहरा उजळला. "शाबास पोरी," ते म्हणाले. "असंच विचारत जा. मलेई सोडू नको."

म्हणाले खरं, पण दाखवायचं काय? कार्ड दाखवलं तर चोराकडेही कार्ड आहे. गेटसमोर उभं राहिलं तर म्हणेल गेटसमोर कोणीही उभं राहतं. घड्याळात साडेअकरा. ते अंगणात आले, मोहिनीकडून तिच्या फोनवर ती खोटी जाहिरात उघडून घेतली आणि एकदा फोटोकडे, एकदा घराकडे पाहायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा ते आपलं घर चोराच्या नजरेने बघत होते. पिवळा रंग तोच. गेट तेच. जांबाचं झाड...

जांबाचं झाड नव्हतं. मागच्या वर्षीच्या वादळात उन्मळून पडलं. नीलेश जन्मला त्या वर्षी लावलेलं झाड. पडलं तेव्हापासून त्या कोपऱ्याकडे ते बघायचेच नाहीत, इतकं लागलं होतं. आता तिथे फक्त बुंधा होता आणि बुंध्यावर रुख्मिणीबाईंची साबणाची डबी.

त्यांनी फोन उचलला. "त्याले एवढंच विचार, अंगणातल्या जांबाले जांब लागले काय, अन् भाडेकरूनं खाल्ले तं चालते काय. मंग मले व्हिडिओ लाव."

आणि मग वाट पाहणं. बारा मिनिटं. एकतीस वर्षं गल्ल्यांना पाण्याची वाट पाहायला लावणारा माणूस गेटपासून बुंध्यापर्यंत येरझाऱ्या घालत होता. पोरीने पैसे भरले तर नसतील? दुसरी पार्टी आली म्हणून घाबरली तर नसेल? रुख्मिणीबाई पायरीवर येऊन बसल्या.

फोन वाजला. हिरालालजींनी सवयीने कानाला लावला.

"काका, कान दिसून राह्यला तुमचा."

मोहिनीने धावत येऊन फोन हातात घेतला आणि वळवला. निळं गेट. पिवळी भिंत. आणि कोपऱ्यात कापलेला बुंधा, वर साबणाची डबी.

"ते म्हणे खूप गोड जांब आहेत," सपना म्हणाली. "म्हणे सगळे तुमचेच, मॅडम."

आणि ती रडायला लागली, अगदी हुंदके देऊन. हिरालालजींनी विचारलं, दिले का पैसे? नाही दिले. मग रडते काऊन? तर सोमवारी कॉलेज, शनिवार उद्याच, आणि खोली नाही. पैसे वाचले पण घर कुठे मिळालं?

हे मात्र खरं होतं. हिरालालजी म्हणाले, उद्या पहिल्या गाडीने बापाले घेऊन येजो, खोलीत पाय ठेवून पाहून घे, फोनात नाही.

आले दोघं. हिरालालजी सायकल हातात धरून पुढे, बापलेक मागे. ज्या गल्ल्यांतून चावी फिरवली तिथली दारं त्यांना पाठ. पहिल्या घरी मालक म्हणाला खोली मग पाहा, आधी टोकन ठेवा. हिरालालजी चप्पल घालून बाहेर. दुसरी खोली सपनालाच आवडली नाही. तिसरं घर सुलोचनाबाईंचं, निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात, मागे एक खोली आणि ओटा. हिरालालजी मुद्दाम बाहेर थांबले. शब्द टाकला असता तर खोली लगेच मिळाली असती. पण पोरीने स्वतः विचारावं अशी त्यांची इच्छा होती, उद्या तिसऱ्या गावी कोण शब्द टाकायला येणार आहे?

तिने विचारलं. लाईट बिल कोणाच्या नावावर आहे, दाखवता का. करार लेखी करू का. पैशाची पावती द्याल का. बाप लाजून जमिनीकडे बघत होता.

सुलोचनाबाई कपाटातून बिल काढता काढता म्हणाल्या, "चौतीस वर्षं मी पोट्ट्यायचे पेपर तपासले. आज ही माहा पेपर तपासून राह्यली."

पण बिल दिलं, आणि हसत दिलं. बापाने बाहेर येऊन हिरालालजींना हळूच विचारलं, तुमचं किती द्यायचं. ते म्हणाले, आष्टीत कोणी फोनवर घर शोधत असलं तर माझा नंबर द्या, झालं.

आत सपनाने ओट्याजवळचा नळ उघडला. कोरडा. थोडी हवा निघाली, फुस्स, आणि काहीच नाही. त्याबरोबर सुलोचनाबाई सुरू झाल्या. आज नळाचा दिवसच नाही, उद्या येते, तेही साडेसहाच्या जागी सात वाजते, धार म्हणजे करंगळीएवढी, तीन वेळा अर्ज दिला, कोणी ऐकत नाही, आणि पूर्वी एक हिरालाल नावाचा माणूस होता नळ सोडायला, तो तर...

बाहेर हिरालालजींनी सायकलचा स्टँड काढला होता. ऐकून परत लावला.

"पोरी," त्यांनी दारातून आवाज दिला, "घे ही खोली. मालकीण खरी आहे."