माझ्या मुलीचे लघाटे डॉक्टर

लघाटे डॉक्टरांच्या दवाखान्यात आजारी मुलाच्या आईबापांना आधी कोणी काही विचारत नसे. ऋचाला ताप आला म्हणून मी तिला तिथे नेलं तेव्हा ती नुकती नीट बोलायला लागली होती. भुसावळहून बदली होऊन आम्ही झाशीला आलो होतो, नगरा भागात घर घेतलं होतं आणि शहरात ओळखीचं कोणी नव्हतं. ताप कधी चढला, काय खाल्लं, सगळं मी मनात घोकून गेलो होतो. मी तोंड उघडणार तोच डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "काय गं, कुठं दुखतंय? बाबांना नको विचारायला. त्यांचं कुठं दुखतंय?" दिवसभर मला अंगाला हात लावू न देणाऱ्या माझ्या मुलीनं फ्रॉक वर करून त्यांना पोट दाखवलं. मी मुकाट्यानं कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसलो.

लघाट्यांचे पूर्वज मराठेशाहीत कारभारासाठी इकडे आले आणि इथलेच झाले. डॉक्टरांच्या मराठीत आमच्या आजोबांच्या तोंडचे शब्द असत. 'जरा थांबा' न म्हणता ते 'अंमळ बसा' म्हणत. लगेच मोठ गावाहून बस पकडून आलेल्या एखाद्या बाईकडे वळून, पोराला काय झालं, ते बुंदेलीत विचारत, "काए बिन्नू, का हो गओ मोड़ा खों?" ती बाई सगळं त्यांच्यापुढे ओतून मोकळी होई. पार एरच गावापासून माणसं त्यांच्याकडे येत. मला मात्र ते ओळख जुनी झाल्यावरही 'नारखेडेजी' म्हणत. त्या 'जी'मध्ये मान होता हे मला कळत होतं. पण ऋचाला ते 'ऋचे' म्हणत, आणि तिला तेच आवडे.

ती मोठी झाली तशी शाळेतून येताना त्यांच्या दवाखान्यात डोकावू लागली. घरी येऊन जेवताना 'डॉक्टरकाका म्हणाले' असं सुरू होई. माझी बायको सुनंदा कौतुकानं ऐके. मी आणखी एक पोळी वाढून घेई. मुलीनं डॉक्टर व्हायचं ठरवलं तेव्हा ऑफिसात पेढे मीच वाटले, पण तिला ते कोणासारखं व्हायचं होतं हे मला कोणी सांगायला नको होतं.

खरा प्रश्न आला तो एमबीबीएसनंतर. पुढच्या प्रवेश परीक्षेत तिला चांगला क्रमांक मिळाला. तिला एमडी करायचं होतं ते बालरोगातच. आता कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता, आणि पहिलं नाव कोणतं टाकायचं यावर सगळं अवलंबून होतं. हे काम माझं आहे असं मी मनाशी धरलं. रेल्वेत माणसं जोडण्यात माझा जन्म गेला होता. ज्यांची मुलं डॉक्टर झाली त्या सगळ्यांना मी फोन केले, मोबाइलवर लोकांची मतं ऐकली, कुठल्या कॉलेजचा कितवा नंबर ते पाहिलं. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, दिल्लीकडच्या एका मोठ्या कॉलेजचं. मी ते ऋचाला सांगितलं. ती म्हणाली, "हाँ बाबा, बघते," आणि चपला घालून लघाट्यांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मीही तिच्याबरोबर गेलो. डॉक्टरांनी तोवर वयामुळे दवाखाना कायमचा बंद केला होता. घरच्या व्हरांड्यात ते शेंगा सोलत बसले होते. मी दिल्लीकडच्या कॉलेजचं नाव घेतलं. त्यांनी विचारलं, "कोण म्हणालं चांगलं आहे?" मी नावं सांगितली. "यातलं कोणी तिथं राहिलंय?" कोणीच राहिलं नव्हतं. मग ते ऋचाशी बोलू लागले आणि माझ्या वाट्याला शेंगांचं ताट आलं.

त्यांचं म्हणणं असं, की कॉलेजचं नाव होतं ते तिथल्या जुन्या माणसांमुळे, आणि शिकायचं असतं ते आज तिथं असलेल्या माणसांकडून. म्हणून आज तिथे राबणाऱ्या निवासी डॉक्टरांना फोन करायचा. ते काय सांगतात यापेक्षा कसे बोलतात ते ऐकायचं. शिक्षण अर्धवट सोडून गेलेलं कोणी सापडलं तर त्याला आधी विचारायचं. "आणि एक पाहा, ऋचे," ते म्हणाले. "तिथल्या सिस्टर स्वतःची पोरं आजारी पडली की कुठं दाखवतात? आपल्याच वॉर्डात आणत असतील तर तो विभाग चांगला. त्यांच्याइतकं आतलं कोणाला दिसत नाही."

ऋचानं घरी येऊन फोन लावले. मोठ्या कॉलेजचा मुलगा सगळं उत्तम आहे असं घाईघाईनं म्हणाला, मागे कोणी उभं असावं तसा. मध्य प्रदेशातल्या एका मधल्या शहराच्या कॉलेजातली मुलगी मात्र भरपूर बोलली. काम फार आहे, जेवण वाईट आहे, मॅडम कडक आहेत, अशी तक्रार ती हसत हसत करत होती. शेवटी म्हणाली, "आके देख लो, समझ जाओगी." मला वाटलं, एवढ्या तक्रारी ऐकल्यावर प्रश्न मिटला. ऋचाला वाटलं, जायलाच हवं.

दोन्हीकडे मी तिच्यासोबत गेलो. मोठ्या कॉलेजची इमारत पाहून माझा ऊर भरून आला. मी तिला फाटकाखाली उभी करून फोटो काढला. आत कोणाला आमच्याशी बोलायला सवड नव्हती, आणि मला ते थोरपणाचंच लक्षण वाटलं.

दुसऱ्या कॉलेजात आम्ही बाहेरच्या रुग्णांसारखे वॉर्डाबाहेर बसलो. सकाळीच एक मूल दगावलं होतं. ते जिच्याकडे होतं ती तरुण डॉक्टर जिन्याच्या पायरीवर तोंड झाकून रडत होती. विभागाच्या प्रमुख मॅडम आल्या. आता ओरडतील असं मला वाटलं. त्या तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. येणारेजाणारे बाजूनं जात राहिले. बऱ्याच वेळानं त्या तिला काहीतरी म्हणाल्या, आणि दोघी उठून त्या मुलाच्या आईकडे गेल्या. ऋचा ते सगळं न हलता पाहत होती.

परतीच्या गाडीत मी तिच्या समोरच्या बाकावर होतो. तिनं फोन काढला आणि लघाट्यांना ती पायरीवरची हकिकत सांगितली, अगदी बारीकसारीक. मीही तेच पाहिलं होतं. माझ्याशी त्यावर ती एक शब्द बोलली नव्हती. तिचं बोलणं होईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

घरी आल्यावर तिनं सांगितलं की ते छोटं कॉलेजच ती पहिलं टाकणार. मी खूप समजावलं. आयुष्यभर लोक विचारतील, एमडी कुठून केलं, असं म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, लोग पूछेंगे एक दिन. राहायचं मला आहे."

शेवटचा उपाय म्हणून मी एकटाच लघाट्यांकडे गेलो. त्यांच्यापुढे जे बोलायचं नाही असं मी इतकी वर्षं पाळलं होतं, ते त्या दिवशी बोललो.

"डॉक्टर, ती माझं ऐकत नाही. तुमचं ऐकते. तुम्ही सांगा तिला."

त्यांनी वहिनींना चहा टाकायला सांगितला. मग म्हणाले, "नारखेडेजी, मी सांगितलं तर ती खरंच ऐकेल. म्हणून नाही सांगणार."

मी चहा पिऊन उठलो. माझी मुलगी एका शब्दासरशी हवी तिकडे वळेल एवढी सत्ता या माणसाकडे होती, आणि ती न वापरण्याइतका तो श्रीमंत होता. मला त्यातली चिमूटभर मिळाली असती तर मी त्याच संध्याकाळी खर्च करून टाकली असती. इतका हेवा मला आयुष्यात दुसऱ्या कोणाचा वाटला नाही. माझ्याऐवजी दुसऱ्याला मिळालेली साहेबाची बढतीसुद्धा मी याहून सहज पचवली होती.

ऋचा तिच्या मनासारख्या कॉलेजात गेली. काही महिन्यांनी भाजी बाजारात डॉक्टर भेटले. बोलता बोलता म्हणाले, "परवा फार रडली पोर. तिच्या हातातलं पहिलंच मूल गेलं." माझा चेहरा पाहून ते थबकले. "तुम्हाला नाही बोलली?" मी म्हणालो, बोलली असेल हिच्याशी. सुनंदालाही ठाऊक नव्हतं, हे घरी गेल्यावर कळलं. त्या आठवड्यापासून ऋचाचा रोज घरी फोन येऊ लागला. वॉर्डातलं बरंवाईट ती मला सांगू लागली, मी ऐकू लागलो, आणि फार सुखात होतो. पुढे एकदा सुनंदाच्या तोंडून निघून गेलं, की 'आधी घरी फोन, मग मला' अशी ताकीद काकांनीच तिला दिली होती. माझं ते सुखही त्यांनीच पाठवलेलं होतं.

एमडी झाल्यावर ती तिथेच कामाला लागली. गेल्या हिवाळ्यात लघाटे डॉक्टर गेले. सकाळी चहा घेताना बसल्या जागी गेले, कोणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. ऋचा मिळेल त्या गाडीनं आली. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला रजा मिळाली नव्हती, हे त्या दिवशी माझ्या मनात आलं. येऊ नये, पण आलं. घाटावर गर्दी होती. मोठ-एरचकडची माणसं आली होती, आणि लहानपणी त्यांच्याकडे आणलेली दाढीमिशांची पोरं मागे उभी राहून डोळे पुसत होती. ऋचा वहिनींजवळ घरीच थांबली होती.

मी तिला न्यायला गेलो तेव्हा ती व्हरांड्यात एकटी होती. मी शेजारी बसलो. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बाबा, आता अडलं की मी कोणाला विचारू?"

'मी आहे की' असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण मला काय विचारणार ती? मी तिचा हात हातात घेऊन नुसता बसून राहिलो. तिला काय उत्तर द्यावं, हे विचारायला मलाही त्या घटकेला एकच माणूस आठवत होता.