रेवसच्या चिखलातले किडे

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि समुद्रकाठच्या चिखलातले किडे तिथे राहून नेमकं करतात काय, हा माझा विषय होता. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला यायचे, ओळखीच्या एका शिक्षकांच्या घरी उतरायचे आणि ओहोटी लागली की फावडं, चाळण घेऊन खाजणाकडे, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीकडे निघायचे.

पाणी हटलं की ओला चिखल आभाळासारखा दिसे. ढग पायांखालून सरकत. कान दिला तर चहूकडून बारीक टिचटिच ऐकू येई, जणू हजारो बिळं श्वास घेताहेत. एका सकाळी त्या नादात मी फार पुढे गेले आणि मांड्यांपर्यंत रुतले. भरती सुरू झाली होती. पाय ओढावा तितकी खोल जात होते.

चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचणारी एक कोळीण लांबून बघत होती. ती घाई न करता आली.

"हालू नको बाय. पाठीवर आडवी हो."

मी आडवी झाले. तिने एकेक पाय अलगद मोकळा केला. वर नुसतं आभाळ, पाठीखाली गार चिखल. भीती कुठल्या कुठे गेली, उठावंसंच वाटेना.

काठावर आल्यावर तिने विचारलं, एवढं काय शोधतेस. मी सांगितलं. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला दोन जागा दाखवल्या. एकीकडे बिळंच बिळं, चिखल तपकिरी, आणि तिसऱ्याही तिथेच. दुसरीकडे तो गुळगुळीत. उकरला तर काळा, कुजक्या अंड्यांच्या वासाचा. तिथे ती कधी बसत नसे.

"किडा न्हाय तिथं चिखल मरतो," ती म्हणाली.

मग मी बिळांच्या जागेतल्या चिखलाने दोन बरण्या भरल्या. पहिलीतले किडे चाळून काढले, दुसरीत राहू दिले. रोज समुद्राचं ताजं पाणी घातलं. पंधरा दिवसांत पहिली जवळजवळ वरपर्यंत काळी पडली. दुसरीत मात्र प्रत्येक बिळाभोवती तपकिरी कड उमटली. किडे वरचं पाणी आणि त्यातली हवा खाली नेत होते. माझा सगळा प्रबंध पुढे त्यावरच उभा राहिला.

त्या कोळीणमावशीला बरणी दाखवायला शिक्षकांच्या घरी बोलावलं. ती खिडकीशी बसून दुपारभर बघत राहिली. काचेला लागून एक किडा हळूहळू डोलत होता.

"जन्मभर यांच्या डोक्यावरून चालले," ती शेवटी म्हणाली, "आज तोंड बघितलं."

संध्याकाळी आम्ही दोघींनी किडे खाजणात सोडले. पाणी चढत आलं, ते कुठे शिरले ते दिसलं नाही. आम्ही तरी बराच वेळ तिथेच उभ्या होतो.