शिवेबाहेरचा भाऊ

लालबागच्या आमच्या खोलीत गणपती बसला की बाबा गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे घरातल्या थोरल्याने देवापुढे उभं राहून मोठ्याने केलेली विनवणी. तिच्या प्रत्येक वाक्यावर बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. बाबांची गिरणी गेली, गाऱ्हाणं गेलं नाही. त्यातलं एक वाक्य कोकणातल्या गावाहून जसंच्या तसं आलंय: "शिवेच्या आत जी लेकरां आसत, तेंका सुखात ठेव रे म्हाराजा!"

माझी नोकरीही शिवेचीच. शहराने कुठे थांबावं, ती हद्द नकाशावर आखायची. आत दाटीवाटीने का होईना, माणसांना घरं. बाहेर भातशेती, ओढे, डोंगर. मला हे मनापासून पटतं आणि घरी मी ते सगळ्यांना पटवत बसतो. धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हाही बसलो होतो. तो म्हणाला, "दादा, रेघ तुझी बरोबर आहे रे. पण आत माझी खोली कुठे, ती पण दाखव ना."

काय दाखवणार, कपाळ! गिरणीच्या जागेवर काचेची ऑफिसं उभी आहेत. घरं झाली तीही आम्ही खालून बघण्यापुरती. भाऊ गेल्या उन्हाळ्यात बदलापूरच्याही पुढे राहायला गेला, भातखाचरं बुजवून बांधलेल्या बिल्डिंगीत. ती हद्दीबाहेर आहे. तिला खास परवानगी मिळाली, तीही आमच्याच ऑफिसातून. कुंपणच शेत खायला लागल्यावर सांगायचं कोणाला? तिथे पाणी टँकरने येतं. भाऊ कामाला अजून परळलाच येतो. मुलगी त्याला झोपलेलीच दिसते. मला याचं फार वाईट वाटतं. रागही येतो, पण नेमका कोणावर काढावा ते कळत नाही.

यंदा आरती झाली. लांब जायचं म्हणून भाऊ बॅग खांद्याला लावूनच दारापाशी उभा होता. बाबा गाऱ्हाण्यातल्या त्या वाक्यापर्यंत आले आणि अडखळले. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझी ती रेघ खंयसून जाता रे? ह्याच्या घराच्या पलीकडसून?"

"नाही बाबा. अलीकडूनच."

बाबांनी पुन्हा हात जोडले. "शिवेच्या आत जी लेकरां आसत, तेंका सुखात ठेव. आणि भायर गेलो तो पण तुझोच झील, म्हाराजा. तेका सांभाळ."

सगळ्यांच्या आधी दारातून भाऊच म्हणाला, "होय म्हाराजा," आणि चपला शोधायला खाली वाकला.