अण्णांच्या टेबलावरचे ट्रे

डावा हात छातीवर ठेवून उजव्या हाताने सही करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे अण्णा. साठ सालच्या आसपास बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात सुटे भाग तपासायला आम्ही दोघे शेजारी बसायचो. मध्यंतरी छातीत कळ येऊन ते महिनाभर घरी पडून होते, तेव्हापासून हात तिथेच. त्यांनी पास केलेला भाग कधी खराब म्हणून परत आला नाही. सहीचा अधिकार मलाही होता, पण सही करायला मी कचरायचो.

डॉक्टरांनी बजावलं होतं, मीठ कमी, सिगारेट बंद, रोज चालणं. बेळगावकडचा माणूस तो. बिनमिठाची भाजी बघून कानडी मिसळत म्हणायचे, "हे स्वल्प जास्तच झालं." त्यांच्या पत्नीने, अक्कांनी, मला गाठून सांगितलं, "तू शेजारी असतोस. लक्ष ठेव रे बाबा." मी ठेवलं. कँटीनमधलं लोणचं त्यांच्यासमोरून उचलायचो, सिगारेटचं पाकीट माझ्या खणात कोंबायचो. सकाळी के. आर. पुरम स्टेशनपासून त्यांना चालवत आणायचो. त्यांना जरा धाप लागली की मी थांबायला लावायचो.

महिनाअखेरीला मात्र सगळं बिघडायचं. वरून निरोपावर निरोप, माल आजच गेला पाहिजे. अण्णा जेवण टाळायचे, सिगारेट मागायचे, मी भांडायचो. आणि भांडून झालं की माझ्याकडचे तपासायला अवघड भागांचे ट्रे हळूच त्यांच्यापुढे सरकवायचो.

"तुमची सही असली की मला झोप लागते, अण्णा."

"आणि मला कशानं लागायची?" म्हणत ते ट्रे ओढून घ्यायचे. नाही म्हणणं त्या माणसाला कधी जमलंच नाही.

शेवटच्या महिनाअखेरीला त्यांनी हट्टाने सगळं पाळलं. "यावेळी हिला तक्रारीला जागाच ठेवत नाही, बघ." चालत आले, डबा संपवला, सिगारेटचं नाव काढलं नाही. मी इतका खूश झालो, की जेवणानंतर निर्धास्तपणे आणखी दोन ट्रे सरकवले. चारच्या सुमाराला त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात अक्का रिकामा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"चालले होते ना? ओढली नव्हती ना?"

"नाही, अक्का."

"मग कशानं झालं रे?"

मला लाज वाटली, भीतीही वाटली. ट्रेचं नाव न काढता मी त्यांच्या मांडीवरचा डबा उचलला आणि धुवायला नळाकडे गेलो.

अण्णा घरी परतले नाहीत. ते दोन ट्रे पुढच्या आठवड्यात मीच तपासले, मीच सही केली. एकही भाग परत आला नाही.