जपानी गाडीला देशी कार्बुरेटर

गॅरेजातले किस्से कुणी जमवायला बसत नाही. ऑइल बदलताना चेंबरच्या तळाशी गाळ सापडतो, तसे ते आपोआप साचतात. बारामतीत मामांच्या गॅरेजात मी काही महिने काढले आणि एकट्या मिलिंदच्या गाडीनं एवढा गाळ जमवला की बाकीच्या गाड्यांची आठवण काढायची गरज पडत नाही.

माझी शाळा डेहराडूनला झाली, इंजिनिअरिंग बनारसला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. यापुढे सगळ्या पेट्रोल गाड्या इंजेक्शनच्या येणार आणि ते काम गावाकडच्या मेकॅनिकला यायलाच हवं, असं माझं ठाम मत होतं. ते मी कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. परतताना डोक्यात चित्र होतं की मी फळ्यावर सर्किट काढतेय आणि दहा-बारा मेकॅनिक कान देऊन ऐकतायत.

पहिल्या दिवशी मामांनी विचारलं, "तुला चहा करता येतो का?"

येतो म्हटलं.

"मग तेवढा हितं करू नको. चहावाला दुखावतो."

फळा शेवटपर्यंत आला नाही. आठवड्याभरानं मिलिंदची गाडी आली, तीही ट्रॅक्टरच्या मागे दोरानं बांधून.

* * *

मिलिंद कळसचा. मस्कतला एसी दुरुस्तीचं काम करायचा. कायमचा परत आला तेव्हा सोबत तिथली जुनी जपानी गाडी घेऊन आला. स्टेअरिंग डावीकडे, इंजिन इंजेक्शनचं. अशा गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. मिलिंदच्या गाडीतला कॉम्प्युटर जळाला होता.

झालं होतं असं की गाडीची बॅटरी उतरली. मिलिंदचे चुलते, वसंततात्या, मदतीला ट्रॅक्टर घेऊन आले. त्यांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायरी जोडल्या, पण लाल वायर काळीच्या जागी आणि काळी लालच्या जागी. डॅशबोर्डमधून बारीक धूर आला आणि विषय संपला.

"तात्या, लाल आणि काळी वायर वेगळी असते," मी म्हणाले.

तात्या शांतपणे म्हणाले, "छप्पन साली धर्म बदलला तवापासनं आमच्या घरात भेदभाव पाळत न्हाय."

* * *

मी कॉम्प्युटरचा डबा उघडला. आतलं सर्किट काळं पडलं होतं. एसटीडी बूथवरून मुंबईला दोन दिवस फोन केले. नवा कॉम्प्युटर मिळत होता, पण त्याची किंमत ऐकून मिलिंदनं आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, त्या डब्याबरोबर गाडी फुकट देत्यात का?"

मामांनी एका वाक्यात निकाल दिला. "डबा काढ, कार्बुरेटर टाक."

कार्बुरेटरला कॉम्प्युटर लागत नाही. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर पेट्रोल येतं. आजोबांच्या काळातली युक्ती. चांगल्या इंजिनाला पन्नास वर्षं मागे नेणं मला पटेना, आणि मी ते बराच वेळ सांगितलं. मामांनी हातातला पाना पुसून होईपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "तुला गॅरेजचा मागचा कोपरा पायजे ना, इंजेक्शनच्या कामाला? मग ही गाडी मिलिंदच्या बजेटात रस्त्याला लाव. लागली, तर कोपरा तुझा. न्हायतर पुण्याची नोकरी धर."

पुण्याच्या एका कंपनीनं नोकरी देऊ केली होती, पुढच्या महिनाअखेरपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. म्हणजे इंजेक्शनचं काम करण्याची जागा मिळवायची, तर आधी इंजेक्शन उपटून काढायचं होतं. मी पाना घेतला.

* * *

कार्बुरेटर भंगारात गेलेल्या एका देशी गाडीचा मिळाला. तो जपानी इंजिनावर बसेना. इंजिनाला चार भोकं, याला दोन, आणि तीही भलतीकडे. मध्ये जाड ॲल्युमिनियमची पट्टी तयार करून घ्यायची होती. त्यासाठी इंदापूरला शौकतभाईंच्या लेथवर गेले. ते एरवी विहिरीवरच्या मोटारींची कामं करायचे.

मी कागदावर काढलेलं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं.

"पोरगी जपानची, पोरगा हितला. व्हय ना?"

"हो."

"मग फोटो काय दाखवता? दोघांना समोरासमोर बसवा."

इंजिनाचा भोकांचा भाग उतरवून, कार्बुरेटरसोबत घेऊन मी दुसऱ्या दिवशी पुन्हा इंदापूरला गेले. पट्टी संध्याकाळपर्यंत झाली. एसटीपर्यंत सोडायला आलेले शौकतभाई म्हणाले, "जोडून दिलं. संसार कसा व्हतोय ते तुमी बघा."

* * *

संसाराच्या पहिल्याच दिवशी पूर आला. इंजेक्शनच्या गाडीचा पंप फार जोरात पेट्रोल फेकतो, कार्बुरेटरला तेवढं सोसत नाही. पंप बदलू, असं मी म्हणत होते. मामा म्हणाले, आहे तो चालवून बघू, खर्च वाचेल. किल्ली फिरवली आणि कार्बुरेटरच्या सगळ्या फटींतून पेट्रोल उसळलं.

मामांनी दोन पावलं मागे घेतली. "बंद कर, बंद कर. कालव्याचं आवर्तन सुटलंय."

मग इंजिन तपासण्यापुरती काचेची सलाईनची बाटली आणली. तिच्यात पेट्रोल भरलं, बॉनेटवर उंच टांगली आणि नळी कार्बुरेटरला जोडली. इंजिन फुरफुरलं, अडखळलं आणि चालू झालं. गॅरेजातले सगळे भोवती उभे राहिले.

त्याच वेळी मिलिंदची आई आली. त्या निवृत्त शिक्षिका, गाव त्यांना आक्का म्हणतं. टांगलेली बाटली, नळी, भोवतीचे गंभीर चेहरे त्यांनी नीट पाहून घेतले.

हळू आवाजात मला म्हणाल्या, "पोरी, बोलायला लागलीय का?"

* * *

भंगारातूनच हलका पंप आणून बसवला. मामांची अट होती की गाडी बारामतीहून भिगवणमार्गे पळसदेवला जाऊन परत आली पाहिजे. मिलिंद गाडी चालवत होता, मी शेजारी बसून इंजिनाचा आवाज ऐकत होते. पळसदेवच्या अलीकडे, उजनीच्या पाण्याजवळ, सायलेन्सरमधून तोफेसारखा बार निघाला. उथळ पाण्यात उभे असलेले शेकडो रोहित पक्षी एकदम आकाशात उठले.

काठावर पुण्याचा एक माणूस तीन पायांवर कॅमेरा लावून बसला होता. तो आमच्याकडे पळत येताना दिसला. मी काच खाली केली आणि माफी मागायची तयारी केली.

तो धापा टाकत म्हणाला, "पहाटेपासून बसलोय, एक पक्षी हलत नव्हता. परत एकदा वाजवाल का?"

मिलिंदनं मनापासून प्रयत्न केला, पण गाडीनं ऐकलं नाही. आम्ही परत आलो आणि मी कार्बुरेटरवरचा पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा फिरवला. मामांनी मागच्या कोपऱ्यातले जुने टायर उचलायला सांगितले.

* * *

गाडी इंदापूर रस्त्यावर रोज दिसू लागली. स्टेअरिंग डावीकडे असल्यामुळे मिलिंद डावीकडे, आणि एरवी ड्रायव्हर असतो त्या उजव्या खिडकीत आक्का. मांडीवर मेथीची जुडी घेऊन त्या रस्ताभर पानं निवडायच्या. आक्का हात सोडून गाडी चालवतात, अशी निम्म्या तालुक्याची समजूत झाली.

एकदा ट्रॅफिकच्या हवालदारानं गाडी अडवली. तो उजव्या खिडकीशी आला.

"आजी, लायसन?"

"माझ्याकडे नाही. मुलाकडे आहे. तो पलीकडे बसलाय."

हवालदार वाकूनही न बघता म्हणाला, "मग त्यालाच चालवू द्या की."

आक्कांनी एक काडी बाजूला टाकली. "तेच चाललंय."

* * *

मिलिंदच्या गाडीची अशी कीर्ती झाल्यावर सांगवीचे बापूराव आले. उसाचे मोठे बागायतदार, गाडी कोरी करकरीत, इंजेक्शनची. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. मला वाटलं, कोपऱ्याला पहिलं खरं काम आलं.

"मॅडम, हिला कार्बुरेटर टाका."

मी बॉनेट उघडलं. इंजिन घड्याळासारखं चालत होतं. "पण ही तर उत्तम चालतेय."

"चालतीय म्हणूनच आणली. बंद पडल्यावर ढकलत आणायची का?"

मी कॉम्प्युटर, पेट्रोल, हवा सगळं समजावून सांगितलं. बापूराव मान डोलवत राहिले. शेवटी म्हणाले, "समदं पटलं. कवा बसवताय?"

मामांनी गाडी ठेवून घेतली. बापूराव गेल्यावर मला म्हणाले, "तुझ्या कोपऱ्यातलं हे पहिलं गिऱ्हाईक. तू परत पाठवलं तर कोपराबी परत. उद्या एकतीस तारीख, पुण्याला सकाळी फोन कर."

"पण मामा, चांगलं इंजिन आहे."

"मला दिसतंय. गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते तू ठरव. इंजिनेर तू हायेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. मिलिंद प्लग साफ करून घ्यायला आला होता. एसटीडी बूथ उघडला होता, मी फोन न करता बूथसमोरून चालत गॅरेजात आले आणि मिलिंदला विचारलं, "तुझी गाडी बापूरावांना आठ दिवस देशील? त्यांची तू चालव."

मिलिंदनं कोऱ्या गाडीकडे पाहिलं. "पंधरा दिवस राहू द्या की, ताई."

बापूराव आले. मिलिंदच्या गाडीची किल्ली मी त्यांच्या हातात ठेवली. "कार्बुरेटर बसवते. पण आधी आठ दिवस ही चालवा. हिला आहे तोच तुमच्या गाडीला बसणार. नंतरही हवा असेल, तर माझी हरकत नाही."

बापूराव खुशीत आत बसले आणि किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. मी चोक ओढायला सांगितला. त्यांनी ओढला, गाडी थरथरली, काळा धूर सोडला आणि परत गप्प झाली. मामा चहाचा ग्लास घेऊन दारात उभे होते.

बापूरावांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ही रोज सकाळी असंच करती का?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "न्हाय बापूराव. आज लई शहाण्यासारखी वागतीय."